रत्नागिरीचा बेसबॉलवाला

आमच्या ऑफिसात गफूरभाईंना कोणी फोन उचलू देत नसे. एकदा मॅनेजरसाहेबांनी त्यांना खुणेने सांगितलं, "मी नाही म्हणून सांगा." गफूरभाईंनी शांतपणे रिसीव्हरमध्ये सांगून टाकलं, "साहेब म्हणतायत, साहेब नाहीत." मॅनेजर तासभर धुमसत होते. आपलं काय चुकलं ते गफूरभाईंना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. "त्यांनी जे सांगितलं तेच मी सांगितलं," असं त्यांचं म्हणणं. "एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

आयुष्यात या माणसाने खोटं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. अपवाद एकच, खेळाचा.

खेळाचा विषय निघाला की गफूरभाई निराळेच व्हायचे. त्यांच्या गावच्या मॅचमध्ये म्हणे कोणीतरी चेंडू असा टोलवला की तो बाणकोटच्या खाडीपलीकडे जाऊन पडला. फील्डर तरीत बसून पलीकडे गेला, चेंडू शोधला, आणि परतीची होडी सुटेपर्यंत तिथे चहा प्यायला. इकडे दोघे बॅट्समन धावतच होते. त्यातला एक मध्येच जाऊन नमाज पढून आला. "खोटं वाटत असेल तर विचारा," असं प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ते म्हणत. ज्याला विचारायचं तो माणूस नेहमी वारलेला तरी असायचा, नाहीतर आफ्रिकेत.

ही नव्वदनंतरची गोष्ट. मी देवरुखहून बहारीनला गेलो तो मीना सलमान बंदराजवळच्या एका कंपनीत. बंदरात लागलेल्या जहाजांना दोरखंडापासून कांद्यापर्यंत सगळा माल आम्ही पुरवायचो. मी बिलं करायचो आणि गफूरभाई गोदाम सांभाळायचे. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. डोक्यावर जाळीची टोपी, खिशात सुपारी, आणि तोंडात "खलास" हा शब्द. गोणी संपली की खलास, काम झालं की खलास, कोणी लग्न केलं तरी खलास.

शुक्रवार हा आमचा सणाचा वार. सकाळी वाळूच्या मैदानावर चटई अंथरून क्रिकेट, दुपारी कोणाच्या तरी खोलीवर बिर्याणी नाहीतर वरणभात. आमच्या मराठी मंडळींचं एक क्रिकेट मंडळ होतं, आणि त्या मंडळाचं 'चेंडूफळी' नावाचं मासिक होतं. मासिक म्हणजे ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर काढलेली, पिना मारलेली थोडी पानं. त्याचा संपादक मी. म्हणून गफूरभाई मला नावाने हाक न मारता "संपादक" म्हणायचे. माझ्या हयातीत मला कोणी दिलेली ती एवढी एकच पदवी.

एका वर्षी एप्रिलच्या अंकाला मजकूर पुरेना. उन्हाळा लागला होता, सामने थांबले होते, एक पान कोरं राहत होतं.

"पान देतो मी," गफूरभाई म्हणाले. "बेसबॉलवर."

बंदरात अमेरिकन जहाज लागलं की त्यातले खलाशी जवळच्या मोकळ्या जागेत बेसबॉल खेळत. गफूरभाई जेवणाच्या सुट्टीत उन्हात उभे राहून तो बघत. "आपलीच लगोरी आहे ती," हा त्यांचा निष्कर्ष. "फक्त लगोऱ्या चोरीला गेल्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेख आणून दिला. तो काहीसा असा होता: "खाडीकाठी दगड मारून कैऱ्या पाडणारा हा डावखुरा पोरगा. जहाजावरून अमेरिकेत उतरला तो परत चढलाच नाही. आज तिकडे त्याच्यासारखा बेसबॉल फेकणारा नाही. समोरचा दांडका फिरवतो तोवर चेंडू मागच्याच्या हातात जाऊन थंड झालेला असतो. कागदपत्रं नाहीत म्हणून खरं नाव सांगत नाही. गोऱ्यांना 'रत्नागिरी' म्हणता येत नाही, म्हणून ते त्याला 'रॅट' म्हणतात."

सोबत फोटोही होता. एका खलाशाची टोपी मागून घेऊन गफूरभाई स्वतःच पाठमोरे उभे राहिले होते, डावा हात वर करून. लेखाच्या तळाशी मी बारीक अक्षरात 'एप्रिल फूल' असं छापलं. ते कोणीही वाचलं नाही.

अंक निघाला आणि गल्लीबोळातून रॅटचे नातेवाईक उगवायला लागले. दापोलीचा एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, रॅट माझ्या वर्गात होता, गणितात कच्चा. हॉस्पिटलातल्या वसईच्या एका नर्सबाई म्हणाल्या, त्याची आजी आमच्याकडची, हाताला जोर तिकडूनच आला. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने शाळेत त्याच्यावर इंग्रजी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. अमेरिकेच्या कस्टममधून नारळ जाऊ देतात का, यावर एक अख्खी मीटिंग झाली.

गफूरभाई खूश होते. "मी नुसता जन्माला घातला, संपादक," ते म्हणाले. "बारसं लोक करतायत."

मग एका दुपारी हमीदचाचा आले.

हमीदचाचा मनामाच्या बाजारात शिंपी होते. आमच्यापैकी निम्म्यांच्या पँटी त्यांच्याच हातच्या. बारीक, वाकलेले, सत्तरीला टेकलेले. बसमधून उतरून बंदरापर्यंत ते भर उन्हात चालत आले होते. काखेत कागदाचं पुडकं होतं. गफूरभाईंनी घाईने स्टूल दिलं, पाणी दिलं. चाचांनी पुडकं उघडलं. आत पांढरा शर्ट होता, निळ्या पट्ट्यांचा, बेसबॉलवाले घालतात तसला.

"अंदाजाने शिवलाय," चाचा म्हणाले. "फोटोत पाठ दिसते तेवढ्यावर. पत्ता दे, पाठवतो."

"कोणाला, चाचा?" गफूरभाईंनी विचारलं.

"यासीनला. माझ्या पोराला."

आम्हाला हे माहीतच नव्हतं. चाचांचा मुलगा जहाजावर होता. निघताना बापलेकांचं भांडण झालं होतं, 'तोंड दाखवू नको' इथपर्यंत. जहाज अमेरिकेच्या कुठल्याशा बंदराला लागलं, यासीन उतरला आणि परत चढला नाही. त्यानंतर काही खबर नाही. इकडे चाचांची बायको गेली, चाचा घराला कुलूप लावून बहारीनला आले. चाचांचं गाव खाडीच्या काठचं. यासीन डावखुरा.

"लहानपणी डाव्या हाताने जेवायचा म्हणून मी मारायचो त्याला," चाचा शर्टावरून हात फिरवत म्हणाले. "आता बघ, त्याच हाताने नाव काढलं."

गफूरभाईंनी शर्टाची घडी घालून तो पुन्हा कागदात गुंडाळला. मग म्हणाले, "चाचा, उद्या दुकानावर येतो. तिथे बोलू."

चाचांना सोडून आल्यावर मी त्यांना म्हटलं, "गफूरभाई, सांगू नका. म्हातारा खुशीत आहे. पत्ता मिळत नाही म्हणा, विषय संपेल." अध्यक्षांनीही हेच सुचवलं. मॅनेजरसाहेबांनीसुद्धा, आणि ते तर या बाबतीत जाणकार होते.

गफूरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "संपादक," ते म्हणाले, "खोटी मॅच चालते. खोटा पोरगा चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेलो. चाचा मशीनवर शाळेचा गणवेश शिवत होते. गफूरभाई उभ्यानेच बोलले. "चाचा, तो रॅट नाही. मी बनवला. फोटोतली पाठ माझी आहे."

मशीन चालूच राहिलं. एक शिवण पूर्ण झाली. चाचांनी दोरा तोडला.

"मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "माझा पोरगा एवढा जाडा नाही."

मला हसू आलं. गफूरभाई मान खाली घालून उभे होते.

"रागावलो नाही मी," चाचा म्हणाले. "इतकी वर्षं तो डोळ्यांपुढे यायचा तो बुडालेलाच. तुझ्या त्या पानामुळे पहिल्यांदा उन्हात उभा दिसला, लोक टाळ्या वाजवतायत असा." त्यांनी गणवेश बाजूला ठेवला. "तो जिवंत असू शकतो ना, गफूर?"

"असू शकतो," गफूरभाई म्हणाले.

"मग शोध त्याला. तुझ्याकडे रोज जहाजं येतात."

त्या दिवसापासून गफूरभाईंनी खेळाच्या गोष्टी सांगणं सोडलं. बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजावर मालाबरोबर ते स्वतः चढायला लागले. त्यांचं इंग्रजी कांदे-बटाट्यांपुरतं होतं. एका अमेरिकन अधिकाऱ्याला त्यांनी विचारलं, "लेफ्ट हँड, रत्नागिरी, नो पेपर, यू सी?" अधिकाऱ्याला वाटलं, हा माणसं चोरून नेणारा दलाल आहे. बंदराच्या पोलिसांनी गफूरभाईंचा बंदरात शिरायचा पास काढून घेतला. मॅनेजरसाहेब जाऊन गयावया करून आले तेव्हा कुठे तो परत मिळाला. गफूरभाई पास खिशात घालून थेट पुढच्या जहाजावर गेले.

सत्काराचा बेत बारगळला. रॅटचे नातेवाईक जसे आले तसे विरून गेले. वर्ष गेलं, आणखी एक गेलं. मी एव्हाना संपादकपद दुसऱ्याला दिलं होतं. दर शुक्रवारी दुपारी गफूरभाई चाचांच्या दुकानामागच्या खोलीत जायचे आणि सांगायचे, "या आठवड्यात मफी, चाचा. काही नाही." दोघे मिळून मासळीचं कालवण करायचे, जेवायचे, भांडी घासायचे. बोलणं फार होत नसे.

अखेर एका मालवाहू जहाजावरचा स्वयंपाकी निघाला रायगडचा. तो म्हणाला, अमेरिकेच्या एका बंदरात मासळी साफ करण्याच्या कारखान्यात आपल्याकडचा एकजण आहे, सुरी डाव्या हाताने धरतो, कोणात मिसळत नाही. गफूरभाईंनी आमच्या ऑफिसचा नंबर त्याच्याकडे दिला. तो निरोप एका खलाशाकडून दुसऱ्याकडे, एका जहाजावरून दुसऱ्यावर कसा गेला ते देव जाणे. पुढे किती महिने काहीच झालं नाही.

एका सकाळी फोन वाजला. मी उचलला. लांबून, खरखरीत आवाज आला, "तिकडे गफूर म्हणून कोण आहेत?"

मी रिसीव्हर गफूरभाईंच्या हातात दिला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तासाभराने परत कर. बापाला आणतो." आणि ऑफिसची व्हॅन घेऊन, मॅनेजरसाहेबांना न विचारता, निघाले.

चाचा आले ते गळ्यात मापाची टेप तशीच अडकवून. आम्ही सगळे फोनभोवती उभे. मॅनेजरसाहेब स्वतः कोणालाही दुसरीकडे फोन लावू देत नव्हते. शेवटी घंटी वाजली.

चाचांनी रिसीव्हर कानाला लावला. तिकडून यासीन बोलत होता, बराच वेळ. त्याने घरी पत्रं टाकली होती, पण घराला कुलूप. त्याला वाटलं, बापाने राग सोडला नाही. चाचांनी गळ्यातली टेप मुठीत धरली. मग एकदम म्हणाले, "माप सांग."

तिकडे बहुतेक त्याला कळलं नाही.

"तुझं माप सांग रे. छाती किती? गळा? तू गेलास तेव्हा पोरगा होतास. मला आता माहीत नाही."

यासीन एकेक आकडा सांगत गेला आणि चाचा तो मोठ्याने म्हणत गेले, जसं गिऱ्हाईक समोर उभं असताना म्हणतात तसं. मॅनेजरसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी वळून पाहिलं तर गफूरभाई तिथे नव्हते. गोदामात, कांद्याच्या गोण्यांमागे उभे राहून ते टोपीने तोंड पुसत होते.

यासीनला लगेच येता येण्यासारखं नव्हतं. पण फोन येत राहिले. वकील झाला, कागदपत्रांचं मार्गी लागू लागलं. वर्षभराने चाचांनी मशीन विकलं. पोरगा येईल तेव्हा घर उघडं असायला हवं म्हणून ते गावी गेले. निघताना विमानतळावर त्यांनी गफूरभाईंचा हात धरून सांगितलं, "मे महिन्यात आंब्याला ये. घर मोठं आहे, मी एकटा आहे."

गफूरभाईंनी रजेचा अर्ज टाकला. मॅनेजरसाहेबांनी फाइल काढली तेव्हा लक्षात आलं, हा माणूस नोकरीला लागल्यापासून एकदाही गावी गेलेला नाही. आई-बाप लहानपणीच गेलेले, चुलत्यांच्या घरी वाढलेला, ते घरही पुढे उरलं नाही. आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

रजेच्या आदल्या गुरुवारी ते मला बाजारात घेऊन गेले. बराच वेळ दुकानांपुढून नुसते चालत राहिले. मग म्हणाले, "संपादक, कोणाच्या घरी राहायला जाताना काय नेतात?"

मी सांगत गेलो तसं ते घेत गेले. कांबळं, खजूर, दुधाची पावडर, अत्तराची बाटली. सगळं बांधून झालं. व्हॅनशी आल्यावर पुडकी हातात तशीच धरून ते थांबले.

"दारात गेल्यावर कडी वाजवायची का?"

"हाक मारायची," मी म्हटलं. "गावाकडे कडी कोण वाजवतं?"

"हाक." त्यांनी तो शब्द मनात घोळवला. "काय म्हणून मारू? गफूर आलाय म्हणू, की चाचा म्हणू?"

त्यांनी पुडकी मागच्या सीटवर एकेक करून नीट मांडली, अत्तराची बाटली कांबळ्यात गुंडाळली.

"असू दे," ते म्हणाले. "मी नुसतं म्हणेन, मी आलो."