नारळाच्या पाण्याची वॉरंटी

अक्कलकोट रोडवरच्या शाळेचं मैदान पंधरा ऑगस्टच्या आत साफ करायचं बिरप्पा माळ्यानं अंगावर घेतलं होतं. गवत कमरेला लागत होतं. झेंडावंदनाला एक काडी दिसली तर पुढच्या वर्षी दुसरा माळी, असं मोठ्या बाईंनी बजावलेलं. म्हणून त्यानं गवत कापायचं नवं मशीन आणलं. बायकोनं, गिरिजाबाईनं, मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात इंजिनावरच नारळ फोडला. चौथ्या मिनिटाला मशीन गचकलं.

वॉरंटी वर्षाची होती. सेवा केंद्रातल्या रत्नदीपनं मशीन उघडलं.

"आत पाणी गेलंय. वॉरंटी बाद."

"पानी न्हाय वो, नारळाचं हाय की. देवाचं!"

रत्नदीपनं फॉर्म पाहिला. रकाने तीनच होते : पाणी, तेल, इतर. 'इतर'चा निर्णय मुख्य कार्यालय घेतं. मुख्य कार्यालयानं चार दिवस गंभीर विचार करून कळवलं : सदर नारळ मूळ स्थितीत जमा करावा.

नारळाची तर चटणी झाली होती. गिरिजाबाईनं करवंट्या आणि डबाभर चटणी पाठवली. रत्नदीपनं भाकरी मागवून शेरा मारला, "पुरावा तपासला. शिल्लक नाही."

बारा तारीख उजाडली. बिरप्पाचं टाळकं सटकलं. "गवत काय तुमच्या शिक्क्यासाठी वाढायचं थांबतंय व्हय? ग्राहक मंचात जातो आता!"

मंचाचं नाव निघताच मॅनेजर महेश्वरसाहेब स्वतः चहा घेऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवशी नवंकोरं मशीन हजर! 'सुस्थितीत मिळाले' यावर बिरप्पानं सही केली. मग 'समाधानी ग्राहक' म्हणून फोटो काढायचं ठरलं. साहेबांनी टेबलाखालून नारळ काढला.

"साहेब, नगं! लई पाया पडतो!"

"अहो, शुभ कामात नाही म्हणू नये," म्हणत साहेबांनी तो इंजिनावर फोडला. फोटो झकास आला. मशीन काही चालू झालं नाही.

"सही आधीची आहे," रत्नदीप हळहळत म्हणाला, "म्हणजे वस्तू ग्राहकाच्या ताब्यात." आणि त्यानं 'इतर'वर खूण केली.

बिरप्पा आणि गिरिजाबाईनं दोन दिवस विळ्यानं मैदान कापलं. हाताला फोड आले, पण काम टिकलं. झेंडावंदन झाल्यावर मोठ्या बाई खूश होऊन म्हणाल्या, "मशीनचं काम वेगळंच दिसतं की!"

हसताय काय? तुमच्या दारातल्या नव्या गाडीवर नारळ कुणी फोडला होता? आणि ते वॉरंटी कार्ड, मागच्या बाजूच्या अटी वाचणं राहू द्या, ते आहे कुठं?