माझ्या मुठीची बॅट

बॅट बदलायची, एवढंच मी ठरवलं होतं. नोकरी नव्हे, घर नव्हे, (बायको तर नव्हेच नव्हे) फक्त बॅट.

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर एक करमणुकीची खोली आहे. तिथे टेबल टेनिसचं एक टेबल, एक बंद पडलेलं घड्याळ आणि जेवणाच्या सुट्टीत मी, एवढ्या गोष्टी कायमच्या असतात. समोरच्या बाजूला बहुतेक वेळा जावक विभागातला कारकून असतो. त्याला सगळे ‘भिंत’ म्हणतात, कारण त्याच्याकडे मारलेला चेंडू परत येतोच. (जावक विभागातला माणूस, पण सगळं आवक.) त्याच्याशी हरण्याची मला इतकी सवय झाली होती की हात पुसायचा रुमाल मी आधीच काढून ठेवायचो.

एका दुपारी असाच हरल्यावर भिंतीने माझी बॅट हातात घेतली, कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाला, हिचं लाकूड मेलंय रे.

आयुष्यात इतका दिलासा मला कुणी दिला नव्हता. म्हणजे दोष माझ्यात नव्हता, लाकडात होता. त्याच भिंतीने मग मला एका कारागिराचा पत्ता दिला. तो बॅटचं ब्लेड, म्हणजे रबर लावण्याआधीची नुसती लाकडी बॅट, ज्याची त्याला मापाने घडवून देतो म्हणे. संध्याकाळी घरी जायच्या ऐवजी मी तिकडे वळलो.

लाकडाच्या वखारीमागे त्याचं एका खोलीचं वर्कशॉप होतं. सगळीकडे भुसा, डिंकाचा वास, आणि पातळ लाकडी थर एकावर एक चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवलेले. कारागीर साठीचा, बोलघेवडा आणि स्वतःच्या कामावर भलताच खूश माणूस होता. स्वतःच बनवलेली बॅट हातात घेऊन तो ‘वा’ म्हणायचा आणि आपणही म्हणावं म्हणून आपल्याकडे बघत राहायचा. मी म्हटलं. मग त्याने मला विचारलं की तुमचा खेळ कसा आहे.

आता माझा खेळ असा आहे की चेंडू आला की मी आधी डोळे मिटतो. पण हे एका कलावंताला कसं सांगायचं? मी म्हणालो, “आक्रमक.”

त्याने मला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलं. माझं पोट, चष्मा आणि खिशातली दोन पेनं बघूनही त्याने हे मान्य केलं, हा त्याचा मोठेपणा. मग बॅटच्या मुठीची पाळी आली. त्याची खासियत मुठीतच होती. बोटं जिथे टेकतात तिथे तो बारीक खोलगट जागा करायचा, म्हणजे बॅट हातात धरली की हाताचाच भाग वाटावी. त्यासाठी त्याने मला चिकणमातीचा एक गोळा दिला. घरी जा, निवांत बसा, खेळताना धरता तसा धरा आणि वाळवून आणून द्या, म्हणाला. इथे त्याच्यासमोर धरायला लावलं की लोक उगाच मूठ आवळतात आणि माप चुकतं.

घरी जाऊन मी तो गोळा धरला. आक्रमकपणे धरला. मग वाळायला जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि अंघोळीला गेलो.

इथे बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. ती एका दातांच्या डॉक्टरांकडे सहायक आहे. दिवसभर लोकांच्या दातांचे ठसे घेते. त्यामुळे आमच्या घरात असले मऊ गोळे कुठेही पडलेले असतात आणि त्यांची चौकशी कुणी करत नाही. दुसरं म्हणजे ती डावरी आहे. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, जसं तिचं शिक्षण, तिची उंची माहीत होती, तसंच. आणि तिसरं, बहिणीशी फोनवर बोलताना तिच्या मोकळ्या हाताला काहीतरी चाळा लागतो. त्या नादात तिने रिमोटची बटणं उपटलेली आहेत, मेणबत्त्यांचं पीठ केलेलं आहे.

मी अंघोळीत असताना मेहुणीचा फोन आला होता. हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो वाळलेला गोळा डब्यात घालून नेला. वर्कशॉप बंद होतं, म्हणून शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्याकडे ठेवून आलो. ठेवण्याआधी डबा उघडून एकदा बघितलंही. माझ्या बोटांचे ठसे बघून मला स्वतःबद्दल जरा आदर वाटला. इतकी सडपातळ बोटं आपली असतील असं मला वाटलं नव्हतं.

काही दिवसांनी कारागिराचा फोन आला. मी रेकॉर्डरूममध्ये होतो, आणि तिथे जुन्या फायलींच्या मधून फोनचा आवाज तुकड्यातुकड्यांनी येतो. पकड फार सुंदर आहे, अशी पकड हजारात एखाद्याची, एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. (असलं ऐकू येतंच.) मग तो काहीतरी विचारत होता, त्यात ‘डाव्या’ असा शब्द होता. मला वाटलं डाव्या बाजूच्या रबराचं काहीतरी असेल. मी मोठ्या मनाने सांगितलं की तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

बॅट आली ती फारच देखणी होती. मधाच्या रंगाचं लाकूड, कडा अशा घासलेल्या की बोट फिरवत बसावं. मी ती घरी आणली, टेबलाशी उभा राहिलो आणि हातात धरली. धरली म्हणजे धरायचा प्रयत्न केला. अंगठ्याची जागा करंगळीखाली येत होती, आणि तर्जनीला तर कुठे जागाच नव्हती. लग्नाच्या पंगतीत उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी ती बाहेरच ताटकळत होती. मी स्वतःची समजूत घातली की नवे बूटही आधी चावतातच.

तेवढ्यात बायको कामावरून आली. पर्स टाकली, माझ्या हातातली बॅट बघितली आणि बघू, म्हणून सहज घेतली. डाव्या हाताने.

बॅट तिच्या हातात अशी बसली की जणू तिथेच उगवली होती. तिने बोटं सोडून पाहिली, परत मिटली, मनगट फिरवलं.

“ही माझ्या हाताची आहे,” ती म्हणाली. “तू माझ्या हाताचं माप कधी घेतलंस?”

मला त्या क्षणी सगळं कळलं. मातीचा गोळा, मेहुणीचा फोन, सडपातळ बोटं, सगळं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नाच्या अल्बममध्येही बघितलेलं नाही. मी म्हणालो, “घेतलं असंच. तुझ्या नकळत.”

ती खुर्चीवर बसली. बॅट मांडीवर ठेवली. मग तिने शाळेतल्या बाकांबद्दल सांगितलं. त्यांची लिहायची फळी उजवीकडे असायची, आणि ती वर्षभर कंबरेत वळून बसायची. कात्री, डबे उघडायचं यंत्र, क्लिनिकमधली खुर्चीशेजारची हत्यारांचा ट्रे, सगळं उजव्यांचं. प्रत्येक वस्तूशी ती जुळवून घेत आलेली. कुणीतरी एखादी वस्तू तिच्या हातासाठी मुद्दाम घडवलीय, असं आजवर झालेलं नव्हतं. हे सगळं ती रडगाण्यासारखं नाही, तर दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. मी मात्र तिच्यासमोर मान डोलवत उभा होतो, आणि आतून मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

माझी कीर्ती दुसऱ्या दिवशीच पसरली. सासूबाईंनी फोन करून जावई कसा असावा यावर माझंच उदाहरण मला सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी माझे दात फुकट साफ करून द्यायची तयारी दाखवली. साडूचा फोन आला तो वेगळ्याच सुरात होता. त्याची बायको आता त्याला विचारत होती की माझ्या पायाचं माप तरी तुला माहीत आहे का, आणि हे सगळं माझ्यामुळे सुरू झालं होतं. त्याने मला जे सुनावलं ते त्या आठवड्यातलं एकमेव खरं बोलणं होतं. मी ते मुकाट्याने ऐकलं.

बायको शनिवारी आमच्या करमणुकीच्या खोलीत यायला लागली. कुटुंबीयांना शनिवारी परवानगी असते, आणि इतकी वर्षं मला हे तिला सांगायचं सुचलं नव्हतं. सुरुवातीला ती चेंडू चुकवायची आणि हसायची. मग चुकवेनाशी झाली. डावा हात समोरच्याला कळत नाही, चेंडू भलत्याच कोनातून येतो. भिंतीला पहिल्यांदा वाकून टेबलाखालून चेंडू काढताना बघितलं तेव्हा सगळं कार्यालय टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. माझा हुद्दा तोवर चेंडू गोळा करणाऱ्याचा झाला होता, आणि टेबलाखालून तिच्याकडे बघताना मला दर वेळी वाटायचं की आता सांगावं. पण ती इतकी आनंदात असायची की मी पुढच्या शनिवारवर ढकलायचो.

मग तिच्या मनात आलं की ज्याने बॅट घडवली त्याचे आभार मानायला हवेत. मी म्हणालो तो फार तिरसट आहे. मग म्हणालो तो बाहेरगावी गेलाय. मग म्हणालो त्याला आभार मानलेले आवडत नाहीत. (कारागिराला मी ओळखत होतो; आभार मानले तर तो दारापर्यंत पोचवायला आला असता.) शेवटी एक दिवस क्लिनिकमधून लवकर सुटून ती एकटीच जाऊन आली.

घरी आली तेव्हा तिच्या हातात तो वाळलेला गोळा होता. कारागीर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताचा ठसा जपून ठेवतो. त्याने तो तिला प्रेमाने भेट दिला होता. वर, तुमच्या मिस्टरांनी स्वतःच्या हाताचा म्हणून दिला, ते आक्रमक खेळतात ना, म्हणून मी लाकूडही तसंच घातलं, हेही सांगितलं होतं.

तिने गोळा टेबलावर ठेवला.

“तू आक्रमक खेळतोस?” तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यानंतर मात्र मी सगळं सांगितलं, अंघोळीपासून. ती दातांचे ठसे वाचणारी बाई, तिला खरं तर काही सांगायची गरज नव्हती. तिने गोळा माझ्याकडे वळवला. मातीतल्या एका बोटाच्या ठशात एक बारीक गोल कडा उमटली होती.

“ही माझी अंगठी आहे,” ती म्हणाली. “तू अंगठी घालत नाहीस. डबा उघडून बघितलंस तेव्हा तुला ही दिसली नाही?”

मी म्हणालो की मला तो माझाच हात वाटला.

“मला वाटलं होतं,” ती म्हणाली, “की तू माझ्याकडे बघितलंस.”

एवढंच. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला चिडलेल्या माणसांसमोर उभं राहायची कार्यालयात सवय आहे. तिने बॅट कपाटात ठेवली. शनिवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. भिंतीने विचारलं तर मी पाठदुखीचं कारण सांगितलं, आणि बोलताना लक्षात आलं की आणखी एक थाप झाली. मग त्याच्यापाशीच सगळं ओकलो. तो बराच वेळ चेंडू टेबलावर टपटपवत राहिला. शेवटी म्हणाला की आता तरी बघ तिच्याकडे.

मी बघायला लागलो. खरंच लागलो. ती भाजी चिरताना, चावी फिरवताना, चहा गाळताना. कितीदा तिचा हात आधी पुढे जायचा, थबकायचा आणि मग दुसरा हात जायचा. एवढी वर्षं हे माझ्या नाकासमोर चाललं होतं. मला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटली की माणूस काहीतरी दुरुस्त करायला घेतो.

एका सुट्टीच्या सकाळी ती बाजारात गेल्यावर मी ओट्यावरच्या कपाटाचं दार उतरवलं. कप, बशा, साखर, सगळं त्यात असतं. ती ते दिवसातून कितीतरी वेळा उघडते. बिजागऱ्या ह्या बाजूच्या त्या बाजूला नेल्या, कडी तिकडची इकडे आणली. दोनदा दार अंगावर पडलं, एकदा बशांवर. जुन्या स्क्रूंची भोकं लांबी भरून बुजवली, घासली, वर रंगाचा हातही दिला. माझ्या हातून झालेलं हे आयुष्यातलं सर्वांत सुबक काम होतं.

ती आली. मी नुसता बाजूला उभा राहिलो. तिने पिशवी ठेवली आणि सवयीने डावा हात वर नेला. बोटं दाराच्या डाव्या कडेवर गेली. तिथे ओला रंग होता. तिने बोटांकडे बघितलं, मग दाराच्या उजव्या बाजूला लावलेल्या कडीकडे, मग माझ्याकडे.

“डाव्या हाताने उघडता यावं म्हणून केलं,” मी सांगितलं.

“ह्या घरात,” ती म्हणाली, “डाव्या हाताने नीट उघडणारी हीच एक वस्तू होती.”

घरातलं सगळंच उजव्यांचं, हे मी इतकं मनावर घेतलं होतं की तपासून बघायचं मला सुचलंच नव्हतं. मी खाली बसलो. ती त्या दाराकडे बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता थोडी रडलीही असेल, ते मी नीट बघितलं नाही. (बघायला हवं होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.)

मग तिने माझ्या हातून पेचकस काढून घेतला, बाही वर केली आणि ओट्याशी स्टूल ओढलं.

“मी करते,” ती म्हणाली. “तू नुसतं दार धर. आक्रमकपणे नको.”