सावळ्या राणीचं माप

दिग्दर्शकाचं वागणंच नाटकाचे कपडे शिवणाऱ्या आजींना मुळी पटत नव्हतं. नाटकातली राणी सावळी. लेखकाने पानोपानी तसं लिहून ठेवलेलं. आणि या शहाण्याने निवडली कोण, तर दुधासारखी गोरी नटी! वर रोज तासभर बसवून तिला तपकिरी रंग फासायचा. इकडे आजींची नात तीन वर्षं विंगेत वही घेऊन बसायची, अडलेल्याला शब्द पुरवायची. राणीचे संवाद तिला तोंडपाठ. रंगही आईच्या पोटातून आणलेला.

"हिला का नाही घेत?" कपडेपटात इस्त्री फिरवता फिरवता आजींनी त्याला विचारलंही होतं.

"आजी, ती खरंच सावळी आहे हो. लोकांना राणी सावळी चालते, पण आतून गोरी लागते."

"आतून सगळेच लाल असतात," आजी म्हणाल्या. नातीने मान खाली घालून वहीचं पान उलटलं.

पहिल्या प्रयोगाच्या दुपारी नटीचा चेहरा चुरचुरायला लागला. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगवाल्याला दया आली. त्याने रंगात पळीभर तेल ओतलं. चुरचुर थांबली; रंगाचं वाळणंही थांबलं.

पहिल्याच प्रवेशात राजाने राणीला मिठी मारली आणि पांढऱ्या अंगरख्यावर तिचा अख्खा गाल घेऊन तो वळला. प्रधानाने तिचा हात कपाळी लावला, तिथे चार बोटं उमटली. दासीने राणीचे डोळे पुसले, मग त्याच पदराने स्वतःचेही. अंक संपत आला तोवर दरबार सावळा झाला होता आणि राणी पांढरीफटक. नेमका तेव्हाच राजा गहिवरला, "तुझ्या या सावळ्या रूपावरून राज्य ओवाळून टाकीन!"

"कुणाच्या? प्रधानाच्या?" पहिल्या रांगेतून एक काका ओरडले.

हशा थांबेना, म्हणून पडदा पाडला.

"डबा संपला," रंगवाला म्हणाला.

"मी नाही जाणार आता," नटी रडवेली झाली. "हिला पाठवा. नाहीतरी मी हिचेच शब्द ऐकून बोलते."

"अगं, पण कपडे तुझ्या मापाचे!" दिग्दर्शकाने डोकं धरलं.

"काढा तर खरं," आजी म्हणाल्या.

नटीच्या पाठीवरून अकरा टाचण्या निघाल्या. तेच कपडे नातीला चढवले, तर एकही टाचणी लागली नाही.

"आजी! माप कुणाचं घेतलं होतंत?" दिग्दर्शकाने विचारलं.

"राणीचं."

नात पहिल्याच वाक्याला अडखळली. आजींच्या हातातली टाचणी बोटात रुतली. तेवढ्यात विंगेतून, चेहरा धुऊन वही घेऊन बसलेल्या नटीने हळूच शब्द पुरवला. मग मात्र पोरगी थांबली नाही. शेवटी राणी राज्य सोडून निघाली तेव्हा ते ओरडणारे काकाच रुमाल शोधत होते.

प्रयोगानंतर काका आत आले आणि त्यांनी थेट रंगवाल्याचा हात धरला. "दुसऱ्या अंकात रंग काय जमवलात! अगदी खरा वाटला!"

रंगवाल्याने नम्रपणे मान झुकवली.

"शाब्बास पोरी, वेळ निभावलीस," दिग्दर्शक नातीला म्हणाला. "उद्यासाठी न निघणारा रंग मागवतो."

आजींनी राजाचा बरबटलेला अंगरखा उचलला आणि साबणाच्या वडीसकट दिग्दर्शकाच्या हातात ठेवला.

"माणूस तुम्ही वाईट नाही. पण खरं समोर बसलेलं असताना खोटं फासत बसता. उद्या राणी माझी नात. आणि पुन्हा कुणाला रंग लावलात, तर धुणं तुमच्याकडे. घ्या, आजपासूनच सवय करा."