हा काय इकून राह्यला?

दुधात टाकायच्या चॉकलेटी पावडरीचा डबा घरी आणला, की जाहिरातीतला बाप पोरीला उचलून गरगर फिरवतो. मीही फिरवलं. त्या बापाचं पोट आत होतं आणि त्याची पोरगी आमच्या चिमीच्या निम्मी होती, हे दुसऱ्या गिरकीला कमरेनं सांगितलं. चिमी वरूनच, अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमी काय इकून राह्यले?"

हे वाक्य तिचं नव्हतं. समोरच्या गुलाबरावांचं होतं.

गुलाबराव म्हणजे अकोला-अमरावती गाडीचे निवृत्त कंडक्टर. मूर्तिजापूरच्या स्टँडवर टोपलीत काही विकायला घेऊन कोणी चढलं, की त्यांनी नोकरीभर एवढंच विचारलं, "हा काय इकून राह्यला?" आता गाडी नाही, टीव्ही आहे. संध्याकाळी गल्लीतली पोरं त्यांच्याकडे, आपल्या आबांकडे, कार्टून बघायला जमतात. जाहिरात लागली की गुलाबराव टीव्हीचा आवाज बंद करतात आणि पडद्यावरच्या माणसांना स्वतःचा देतात. केस उडवणारी बाई म्हणते, "कंडक्टरसाहेब, खिडकी लावा जी, बुचडा सुटला." पांढऱ्याशुभ्र शर्टातला हिरो म्हणतो, "बडनेऱ्याले उतरा लागते, पन तिथं धूळ लय हाये." पोरं हसून लोळतात. मग गुलाबराव बोट वर करतात, "हा काय इकून राह्यला?" जो आधी बरोबर सांगेल त्याला फुटाणे.

चांगलंच आहे. मीही चारचौघांत तसंच म्हणायचो. पण घरी मी डब्यावरचा फुकट पेन्सिलबॉक्स दाखवला, तर पोरगी म्हणते, "आबा म्हनते, त्याचे पैसे डब्यातच धरले असते." सकाळी आबा म्हनते, जेवताना आबा म्हनते. माझ्या विनोदांना तर ती हसेनाशीच झाली होती. जाहिरातीतल्या बापाशी मी कसाबसा झुंजलो असतो, या कंडक्टरापुढे माझं तिकीटच कटलं.

शेवटी एका संध्याकाळी दुखऱ्या कमरेला पट्टा बांधून मी तिला आणायला निघालो. उद्यापासून इकडे यायचं नाही, हे तिथंच, त्यांच्यादेखत सांगणार होतो.

दारातच थांबलो. चहाची जाहिरात लागली होती. एक म्हातारा दार उघडतो, तर बाहेर नातू बॅग घेऊन उभा. पोरं गुलाबरावांच्या तोंडाकडे बघत होती. मग त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज सुरू केला.

"आबा," चिमीनं विचारलं, "हा काय इकून राह्यला?"

"हा काई नाई इकत, माय. याले आधी घरात येऊ दे."

गुलाबरावांचा नातू पुण्याला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याचं कपाळ तेवढं दिसतं, लक्ष सगळं कुठल्या तरी गेममध्ये.

चिमीनं मुठीतले फुटाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मी आवाज न करता माघारी फिरलो.

"पोरगी कुठं?" बायकोनं विचारलं. मी सगळं सांगितलं, पट्ट्यासकट. ती कणीक मळत ऐकत होती. मग म्हणाली, "राहू द्या तिले तिथं जराशी. बाप तर तिले माह्यासंगं फुकटच भेटला हाये. तो कुठं पळून चालला?"