कोर्टाला सप्रेम भेट

कोर्टाचं काम का रेंगाळतं, हे मला नेमकं कळलं होतं. जन्मभर गावच्या वाचनालयात पुस्तकांना नंबर घातलेल्या माणसाला असं एकदम काही कळत नाही, म्हणून पेपरात त्यावर आलेला लेख मी तीनदा वाचला. न्यायाधीश कमी, कारकून कमी, यंत्रं जुनी. सगळ्यावर इलाज एकच, निधी.

माझी थोरली बहीण गोजरआक्का हिचा दावा अकरा वर्षं तालुक्याच्या कोर्टात होता. शेजारच्या बन्सीनं तिच्या शेताची गाडीवाट अडवली होती. दर हंगामात मजूर ऊस डोक्यावरून सडकेला आणत. यंदा तोडणीची टोळी नाहीच म्हणाली. ऊस शेतातच वाळणार होता. दाव्यात शेवटची साक्ष छापून तिच्यावर सही व्हायची तेवढी राहिली होती.

"प्रिंटर बंद हाय," कारकून छगनराव म्हणाले. "निधी मागितलाय."

"कधी येईल?"

"मागच्या साहेबांनी मागितला हुता. आता मॅडम मागत्यात."

तिसऱ्या तारखेलाही तेच. मग मी नगरला जाऊन नवा प्रिंटर आणला. आमच्या वाचनालयात पंख्यापासून माठापर्यंत प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव असतं. नाव नसलेली वस्तू लोकांना चोरीची वाटते. पण स्वतःचं नाव रंगवायचं म्हटलं की मला घाम फुटतो. म्हणून पेंटरकडून ठळक लिहून घेतलं, 'श्रीमती गोजरबाई यांजकडून सप्रेम भेट.' जेवणाच्या सुट्टीत खोकं छगनरावांच्या टेबलावर ठेवलं आणि चोरासारखा पळालो.

पुढच्या तारखेला चरकातून चिपाडं पडावीत तसे कागद पडत होते. माझी छाती फुगली. मग आक्काचा पुकारा झाला.

बन्सीचे वकील उठले. ते आमच्याकडे नाही, प्रिंटरकडे बघत होते.

"मॅडम, मशीनवरचं नाव वाचावं, एवढीच विनंती."

न्यायाधीशबाईंनी वाचलं. छगनरावांनीही वाचलं, बहुधा पहिल्यांदाच.

"गोजरबाई कोण?"

आक्का उभी राहिली. "म्या. पर म्या काय बी दिलं न्हाई. माझ्या घरी मिक्सर बी न्हाई."

मी उठलो, उठताना खुर्ची पाडली. काय बोललो ते मलाही ऐकू आलं नाही, पण बाईंना समजलं.

"आजोबा," त्या हळू म्हणाल्या, "मशीनसाठी मीही वर्षभर पत्रं लिहितेय. तुमचा हेतू कळतो. पण कोर्टाला पैसा सरकारनं द्यायचा. पक्षकारानं दिला, तर माझ्या निकालावर कोण विश्वास ठेवेल? हा दावा आता मला चालवता येणार नाही. दुसऱ्या कोर्टाकडे द्यावा, असं वर कळवते."

बाहेर चिंचेखाली मी प्रिंटर मांडीवर घेऊन बसलो. आक्का माझ्याकडे पाठ करून शेजारी बसली. एवढ्यात बन्सी आला. टोमणा मारणार, म्हणून मी मान खाली घातली. पण तो आधी पोटभर हसला, मग आमच्याशेजारी टेकला.

"आक्का, आता नव्या साहेबाला पुन्यांदा सगळं सांगायचं? माझं बी गुडघं गेल्यात. ने तुझा ऊस माझ्या रानातनं. कागद मागनं करू."

अकरा वर्षांनी आक्कानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "ह्या सालापुरतीच का कायमची वाट?"

"कायमची. पर ह्यांना सांग, माझ्या घरी भेट आनू नका."

आठवड्याभरात ट्रॅक्टर थेट आक्काच्या रानात गेला. चार महिन्यांनी दावा दुसऱ्या कोर्टात लागला, तेव्हा तडजोड नोंदवायला आम्ही तिघं एकाच एसटीनं गेलो. नव्या साहेबांनी पाच मिनिटांत मान्यता दिली. मला पुन्हा वाटू लागलं, की कोर्टाचं आपल्याला थोडंफार कळतं.

"हुकूम झालाच," तिथले कारकून म्हणाले. "फक्त छापायचा राहिलाय. प्रिंटर बंद हाय, निधी आला की कळवतो."

मी घसा साफ केला. तेवढ्यात एका बाजूनं आक्कानं आणि दुसऱ्या बाजूनं बन्सीनं माझा दंड धरला.