मेंढ्याची तारीख

सरकारी कामात सुधारणा करायची म्हटलं, की आधी कुणाला तरी वेठीला धरावं लागतं. जनावरांच्या तंट्यांसाठी नव्यानं निघालेल्या प्राधिकरणाची वेबसाइट तयार होत होती. ती खेड्यातल्या माणसाला जमते का, हे बघायला दिपाली दर सोमवारी गारखेड्याहून लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन खुलताबादजवळच्या एका वस्तीवर येई. मनाला येईल ती खोटी तक्रार सांगा, असं तिनं वस्तीवर मेंढ्या राखणाऱ्या बानाबाईला सांगितलं.

बानाबाईकडं खोटी तक्रार नव्हतीच. खरी मात्र गळ्याशी आली होती. दुष्काळात टँकरवर झुंबड उडाली, तेव्हा तिचा एकुलता एक मेंढा शेजारच्या कचरूच्या कळपात शिरला आणि कचरूनं तो आपलाच म्हणून बांधून ठेवला. मेंढ्याशिवाय मेंढ्या गाभण कशा राहणार, आणि यंदा कोकरं झाली नाहीत तर बाईनं खायचं काय? तिच्या कागदी अर्जावरून कचरूला प्राधिकरणाच्या दोन नोटिसा गेल्या. कचरूनं त्यांत तंबाखू बांधून ठेवली.

तिनं हेच सगळं सांगितलं. वेबसाइटमध्ये न्यायाधीश अजून बसवायचा होता, त्यामुळं अर्जदार जे मागेल ते 'मान्य' होऊन छापून येई. खाली बारीक अक्षरांत 'केवळ चाचणीसाठी' असं असे. बानाबाईनं तो कागद गयासच्या दुकानात लॅमिनेट करायला दिला. प्लास्टिक आखूड पडलं, म्हणून गयासनं कागदाची खालची पट्टी कात्रीनं उडवली. झालं, कल्याण.

कचरूनं कागद उन्हात धरून उलटसुलट पाहिला. सरकारनं ज्याला प्लास्टिक घातलंय तो कागद साधा असतो होय? त्यानं मुकाट मेंढा सोडला. पण गडी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुढच्या सोमवारी तोच लॅपटॉपसमोर जाऊन बसला, गयासकडून प्लास्टिक घालून आणलं आणि मेंढा घेऊन गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा बानाबाई. असे सहा सोमवार गेले. अर्ज वाढतायत म्हणून दिपालीचे साहेब भलतेच खूश होते.

सहाव्या अर्जातही डाव्या कानाला चीर असलेलाच मेंढा दिसला, तेव्हा दिपालीला घाम फुटला. तिनं दोघांना बसवून हे सगळे निकाल खोटे आहेत, असं परोपरीनं समजावलं.

"निकाल खोटा म्हनता बाई," बानाबाई म्हणाली, "पन मेंढा तर खराच आला की."

त्याच आठवड्यात वेबसाइट खरोखरीची सुरू झाली. बानाबाईनं अर्ज केला, आणि आठ महिन्यांनंतरची तारीख मिळाली. मेंढा नेमका कचरूकडं होता. आता तारखेपर्यंत तो इथंच राहील, असं कचरूनं ठणकावून सांगितलं. बानाबाईच्या निम्म्या मेंढ्या अजून रिकाम्या होत्या. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून पोटभर रडली.

सोमवार उजाडला. ती भाकरी थापत असताना दारात मेंढा येऊन उभा राहिला, गळ्यात अर्धं तुटलेलं दावं. मागून कचरू धापा टाकत आला. बानाबाईनं आधी मेंढ्याला पाणी दाखवलं, मग कचरूला.

"पहाटंपासून दंगा करून ऱ्हायला, मावशे," तो घाम पुसत म्हणाला. "आडवलं तर शिंगं उगारतो."

"त्याला काय बोलू नको," बानाबाई म्हणाली. "पुढल्या सोमवारी यील तुज्याकडं. त्याला तारीख पाठ हाय."