तीन धुण्यांचा शर्ट

आण्णा कुणालाही “बरा हाईस का?” असं विचारत नाहीत. जवळ येतात, समोरच्याची कॉलर उलटी करून शिवण बघतात आणि म्हणतात, “वय काय रं याचं?” याचं म्हणजे शर्टाचं. सहा महिने सांगितलं की चेहरा पाडून म्हणतात, “मग थकला आसंल आता.”

आण्णा फौजेतले शिंपी. उभी हयात पलटणीचे गणवेश शिवले आणि निवृत्त होऊन तासगावात परतले. माझं रेडिमेडचं दुकान त्यांच्या घरापासून चार पावलांवर. आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून मी धंदा सुरू केला. मला कुणी काही फुकट दिलं नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो.

तर आण्णांना नाद बुजगावण्यांचा. द्राक्षबागेत असतात तशीच, पण पाखरांसाठी नव्हे, माणसांसाठी. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीकडून ते गाठोडं आणतात, कपड्यांत उसाचं पाचट भरतात आणि रस्त्याकडेच्या कुंपणाला ओळीनं उभं करतात. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठा. भरजरी घागऱ्याच्या गळ्यात, ‘वय: एक लग्न.’ जीन पॅन्टच्या, ‘फाटकीच जन्मली, फाटकीच गेली.’ लोक गाड्या थांबवून फोटो काढतात.

मीही हसायचो. पण दिवाळीच्या तोंडावर तिथं माझ्या दुकानातला शर्ट उभा राहिला. दुकानाचं लेबल कॉलरबाहेर काढलेलं, आणि पुठ्ठा: ‘वय: तीन धुणी.’ दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक म्हणालं, “शेठ, चार धुण्यांचा हाय का एकादा?”

माझं डोकं सटकलं. तसाच गेलो.

“आण्णा, ते उतरवा! ऐन हंगामात गिऱ्हाईक तोडताय माझं.”

“खोटं लिवलंय व्हय?”

“निदान पाच धुणी लिहा.”

“तिसऱ्यालाच बगल उसवली.”

“सहा नवे शर्ट देतो, मग तर झालं?”

“सा म्हंजी आठरा धुणी. नगं.”

मी तणतणत त्यांच्या घरात शिरलो. शिवणयंत्राच्या वर हँगरला एक आकाशी शर्ट होता. गळ्यात पुठ्ठा नव्हता. खिशावरचा शाईचा डाग मी ओळखला. दुकान उघडलं त्या दिवशी मी हाच घातला होता. आण्णा तेव्हा सुट्टीवर आले होते. त्यांनीच शिवून दिला होता. गेल्या महिन्यात बोहारणीशी अर्धा तास घासाघीस करून मी जुन्या कपड्यांवर स्टीलचा टोप मिळवला. त्या गाठोड्यात हा गेला होता.

“हा नाही उभा केला?”

“त्यो कशाला? आजून मेला न्हाई त्यो.” काजं नव्यानं केलेली होती, बटणं घट्ट लावलेली. “घाल बघू.”

घातला. पोट आडवं आलं.

“आता नाही बसत, आण्णा.”

त्यांनी शर्ट काढून घेतला, उलटा केला. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. इतक्या वर्षांत मी ते कधी बघितलंच नव्हतं.

“तवाच सोडलं व्हतं,” ब्लेडनं टाके उसवत ते म्हणाले. “लय काडी व्हतास. म्हटलं, दुकान चाललं तर भरंल गडी.”

यंत्र सुरू झालं. मी बनियनवर बसून राहिलो. बाहेरचा शर्ट उतरवा म्हणायचं राहूनच गेलं. तो अजून तिथंच आहे, आणि त्याचा राग मला अजून आहे.